बाबांच्या स्लाइड्समधले चिमुकले पक्षी: स्कॅन कसे करावेत?

सुभग_सहकारनगर

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात माळा आवरताना बाबांचे स्लाइड्सचे (छोट्या चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्मचे) डबे खाली काढले. एकूण ३१ डबे, प्रत्येकात एका रोलच्या ३६ स्लाइड्स, म्हणजे अकराशेच्या घरात. १९८६ ते २००३ या काळातल्या. जवळजवळ सगळ्या लहान पक्ष्यांच्या: शिंजीर, चष्मेवाले, शिंपी, वटवट्ये, सुभग, नाचण. सिंहगडचा पायथा, तळजाई, वेताळ टेकडी, एम्प्रेस गार्डन. कॅमेरा निकॉन एफएम२ आणि हाताने फोकस करायची ४०० एमएमची लेन्स. दोन डबे कोडाक्रोम फिल्मचे आहेत, काकांनी अमेरिकेहून आणलेले. बाकी एक्टाक्रोम आणि फूजी.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण लूप (स्लाइड बघायचं भिंग) लावून लाइट टेबलवर वाकणं आता जमत नाही. त्यांना त्यांचे पक्षी टीव्हीवर मोठे करून दाखवायचेत.

घरात कागदपत्रांसाठी घेतलेला फ्लॅटबेड स्कॅनर आहे, त्याच्यासोबत स्लाइड ठेवायची चौकटही आली होती. ३२०० डीपीआयवर (इंचामागे ३२०० ठिपके) एक चष्मेवाला स्कॅन केला. पूर्ण फ्रेम बरी दिसते, पण पक्ष्यापर्यंत झूम केलं की कापसाचा बोळा. डोळ्याभोवतीचं पांढरं कडं, ज्यावरून त्याला चष्मेवाला म्हणतात, तेच धुरकट. लूपमधून मात्र ते कडं स्वच्छ दिसतं!

सगळ्या स्लाइड्स स्कॅन कराव्यात की निवडून? घरी की बाहेर देऊन? आणि फ्रेममध्ये इतका छोटा पक्षी असताना किती अपेक्षा ठेवावी?

जुना_रोलवाला

लूपमधून कडं दिसतंय ना, मग पक्षी फिल्मवर आहे. तुमच्या स्कॅनरला तो उचलता येत नाहीये, इतकंच. जरा हिशोब करू.

चष्मेवाला साधारण १० सेंमी. ४०० एमएमची लेन्स, पक्षी ६ मीटरवर. फिल्मवर त्याची लांबी येते जेमतेम ७ मिमी. ३६ मिमी रुंद फ्रेममध्ये ७ मिमी! बाकी सगळं पानं आणि आभाळ. म्हणजे तुम्हाला खरं तर स्लाइड स्कॅन करायचीच नाहीये, तिच्यातला नखाएवढा तुकडा स्कॅन करायचाय.

४००० डीपीआयच्या खऱ्याखुऱ्या फिल्म स्कॅनरवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे १५७ पिक्सेल मिळतात. ७ मिमीचे झाले अकराशे. पक्षी फ्रेमच्या एक तृतीयांश होईल असं कापलं तरी चित्र ३३०० पिक्सेल रुंद राहतं, आणि साध्या एचडी टीव्हीला १९२० पुरतात. फ्लॅटबेडवर कितीही मोठा आकडा छापलेला असला तरी ३५ एमएम स्लाइडमधून प्रत्यक्ष हाती येणारा तपशील बऱ्याचदा त्याच्या निम्म्याच्याही खाली असतो. म्हणून तुमचा बोळा झाला.

उलट बाजूने, ४०००च्या फार वर जाण्यातही अर्थ नाही. फूजीच्या माहितीपत्रकात प्रोव्हिया १००एफ या स्लाइड फिल्मची क्षमता कमी कॉन्ट्रास्टला मिलिमीटरमागे ६० काळ्या-पांढऱ्या रेषाजोड्या आणि जास्त कॉन्ट्रास्टला १४० अशी दिली आहे. पक्ष्याची पिसं कमी कॉन्ट्रास्टमध्येच मोडतात. साठ जोड्यांना १२० पिक्सेल लागतात. ४००० डीपीआय त्याच्या वरच आहे.

एक फाइल १६ बिटमध्ये सुमारे १२८ एमबीची होईल. अकराशेंचे १४० जीबी. आजच्या काळात ते काहीच नाही, वेळ मात्र खूप लागेल.

लेन्सकॅप

रोलवाले काकांचा हिशोब बरोबर, पण फिल्म स्कॅनर आणायचा कुठून? निकॉनच्या कूलस्कॅन फिल्म स्कॅनरचं उत्पादन बंद होऊन जमाना झाला. सेकंडहँडवाले तोंडाला येईल ती किंमत सांगतात.

मॅक्रो लेन्स आणि डिजिटल कॅमेरा असेल तर स्लाइडचा फोटोच काढा. चांगल्या सीआरआयचा (रंग खरे दाखवणारा) एलईडी पॅनेल खाली, स्लाइड त्याच्यापासून चार बोटं वर, कॅमेरा कॉपी स्टँडवर. २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा १:१ ला (स्लाइड सेन्सरवर आहे त्याच मापाची) मिलिमीटरमागे १६६ पिक्सेल देतो, म्हणजे काकांच्या ४००० डीपीआयपेक्षा जास्तच. आणि एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर आणखी मजा. १:१ वर तो स्लाइडचा २३.५ मिमीचा भागच घेतो, पण त्यात ६००० पिक्सेल ओततो. मिलिमीटरमागे अडीचशेच्या वर. तुमचा ७ मिमीचा चष्मेवाला १७०० पिक्सेलचा!

जुना_रोलवाला

@लेन्सकॅप, हे मान्य. पण धूळ? स्कॅनरमध्ये लाल, हिरव्या, निळ्याखेरीज इन्फ्रारेडचं चौथं वाचन असतं. रंगांचे डाय इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात, त्यामुळे यंत्राला फक्त धूळ वेगळी दिसते आणि ती पुसता येते. कॅमेऱ्याने घेतलं की एकेक ठिपका हाताने पुसत बसायचं. अकराशे स्लाइड्स, आणि त्या माळ्यावरच्या!

लेन्सकॅप

काका, आधी ब्लोअर मारायचा. आणि निवडक दोनशे घ्यायच्या. शिवाय तुमचं इन्फ्रारेड कोडाक्रोमवर फसतं, तेही सांगा त्यांना.

जुना_रोलवाला

ते खरंय. कोडाक्रोमवर इन्फ्रारेडची सफाई बंद ठेवा, नाहीतर पक्ष्याच्या काळ्या कडाच धूळ समजून खाल्ल्या जातात. ते दोन डबे वेगळे काढा. तो वेगळ्याच रसायनांचा वंश, त्याची धुलाई के-१४. जगातल्या शेवटच्या लॅबने, कॅन्ससमधल्या, ३० डिसेंबर २०१० नंतर त्याचे रोल घेणं बंद केलं. स्कॅनमध्ये तो निळसर येतो, त्याला वेगळं प्रोफाइल लागतं. मात्र अंधारात ठेवलेला कोडाक्रोम रंगांना सगळ्यात पक्का. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे उलट तो लवकर विटतो, म्हणून पुन्हापुन्हा दाखवू नका.

टेकडीवरचा

धागा वाचून पार १९९४ सालात गेलो. वेताळ टेकडी, सकाळचे साडेसात, थंडीत बोटं बधिर, आणि समोर घाणेरीवर शिंजीर.

आजच्या मुलांना कल्पना येणार नाही म्हणून सांगतो. १०० आयएसओच्या फिल्मला भर उन्हात एफ ५.६ वर १/१००० सेकंदाचा शटर मिळतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), राहिला १/२५०. पक्षी फांदीआड सावलीत शिरला की १/६०. आणि ४०० एमएमची लेन्स हातात धरायची तर १/४०० हवा! म्हणजे ट्रायपॉडशिवाय गत्यंतर नाही, आणि शिंजीर एका फुलावर दोन सेकंद थांबतो. मान वळवून तो क्षणभर स्थिर होतो, तेवढ्यात केबल रिलीज दाबायची. ३६ फ्रेममध्ये दोन चांगल्या आल्या तर आठवडा आनंदात जायचा.

त्यात स्लाइडला माफी नाही. निगेटिव्हवर दोन स्टॉप इकडेतिकडे झालं तरी प्रिंटवाला सांभाळून घेतो. स्लाइडवर अर्धा स्टॉप जास्त गेला की दयाळाच्या पंखावरची पांढरी पट्टी पार उडाली, आणि उडालेलं परत येत नाही. म्हणून आम्ही सगळे जरा कमीच एक्स्पोज करायचो. तुमच्या बाबांनीही तेच केलं असणार. स्लाइड अंधारी वाटली म्हणून टाकून देऊ नका.

रोल इथल्या दुकानात द्यायचा, तो मुंबईला जायचा. मी एकदा धीर न धरवून स्वतःच डेक्कन क्वीनने रोल घेऊन गेलो होतो.

मंजिरी_पाषाण

कुणीच बुरशीबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. पुण्याचा पावसाळा आणि माळा म्हटल्यावर बुरशी असणारच. स्लाइड तिरकी धरून दिव्याखाली बघा. जाळ्यासारख्या, फांद्या फुटलेल्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. ती जिलेटिन खाते, म्हणजे ज्या थरात चित्र आहे तोच थर.

माझं जे झालं ते तुमचं होऊ नये. माझ्या सासऱ्यांच्या कासच्या फुलांच्या स्लाइड्स होत्या. मी त्या ओल्या कापडाने पुसल्या. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं हे मला ठाऊक नव्हतं. एका स्लाइडवरची सोनकी माझ्या डोळ्यांसमोर कापडावर आली. पिवळा डाग. अजून ते कापड टाकवत नाही.

पाणी अजिबात नको. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. बुरशी असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीवर अगदी थोडं, आणि तेही आधी एखाद्या वाया गेलेल्या स्लाइडवर करून बघा. चकचकीत बाजू पाठीची असते, मंद आणि जराशी उठावदार ती चित्राची. पाठीवरची बुरशी निघते. चित्रावरची घट्ट बसली असेल तर तशीच ठेवून स्कॅन करा. काचेच्या माउंटमध्ये (चौकटीत) असतील तर आधी काचा काढा, आत दमट हवा कोंडते. नंतर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. जेल निळं असेल तर ठीक, गुलाबी झालं की तापवून कोरडं करायचं.

सुभग_सहकारनगर

मंजिरीताई, फार उपयोगाचं लिहिलंत. आत्ताच सात डबे तपासले. दोन डब्यांत बुरशी आहे, नशिबाने बहुतेक पाठीवर. बाबांनी डब्यांत कापराच्या वड्या टाकल्या होत्या, त्या काढून टाकल्या.

एक डबा मात्र वेगळा निघाला. वर बाबांच्या अक्षरात "घरटी, १९८७-८९". शिंजिराची मादी लोंबत्या घरट्याशी, शिंप्याचं शिवलेलं पान, नाचणाची वाटी. हे स्कॅन करून इथे टाकावेत का?

कवडीपाटकर

माझं मत स्पष्ट आहे. घरट्याचे फोटो टाकू नका. एकाने टाकला की दहा जण तसा मिळवायला निघतात. फांद्या बाजूला करतात, पानं तोडतात, आणि मग शिकरा किंवा कावळा पिल्लं नेतो. २००८ साली सिंहगडाच्या वाटेवर स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यासमोर बारा ट्रायपॉड मोजलेत मी. दोन दिवसांनी घरटं रिकामं होतं.

टेकडीवरचा

तुमचं म्हणणं आजच्या काळाला शंभर टक्के लागू आहे. पण त्या काळच्या माणसाला आजच्या कोर्टात उभं करू नये. मंद फिल्म, हाताचा फोकस, तेव्हा पक्षी नक्की येणार अशी एकच जागा असायची: घरटं. जगभर तीच रीत होती. इंग्लंडमधले पक्षीछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ साली घुबडाच्या घरट्यापाशीच गेला.

कवडीपाटकर

मी काकांना दोष देत नाहीये. ८७ सालात मीही असतो तर तेच केलं असतं कदाचित. म्हणणं इतकंच की आज ते चित्र जालावर गेलं की त्याच्यासोबत ८७ साल जात नाही, नुसतं घरटं जातं.

मंजिरी_पाषाण

कवडीपाटकरांशी सहमत. स्कॅन जरूर करा, घरात ठेवा, जालावर नको. अभ्यासकाला लागलं तर द्या. शिंजिराची मादी एकटीच घरटं बांधते, कोळ्याचं जाळं वापरून. त्या कामाच्या टप्प्याटप्प्याच्या स्लाइड्स असतील तर त्या मोलाच्या आहेत.

वाचनमात्र_वैशाली

इतकी वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. शिंप्याला शिंपी म्हणतात ते तो खरंच पान शिवतो म्हणून, हे मला आज कळलं! आमच्या सोसायटीत रोज ओरडत असतो.

टेकडीवरचा

@वाचनमात्र_वैशाली, खरंच शिवतो. पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून कोळ्याचं जाळं नाहीतर कापसाचे तंतू ओवतो. आवाज त्याच्या आकाराच्या चौपट. फोटोग्राफरचा मात्र शत्रू, कायम झुडपाच्या आत.

नोंदवही

धाग्यात एक महत्त्वाची गोष्ट राहून जातेय. @सुभग_सहकारनगर, स्लाइडच्या माउंटवर काय लिहिलंय?

सुभग_सहकारनगर

प्रत्येकीवर बारीक बॉलपेनने. समोर आहे ती वाचतो: "चष्मे. ४, घाणेरी, गडपायथा, १५/२/८८, ५.६, २५०". मागे रोलचा नंबर.

नोंदवही

मग हात जोडून सांगते, ते माउंट अजिबात फेकू नका, आणि स्कॅनआधी प्रत्येक माउंटचा दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. फाइलचं नाव रोल नंबर आणि फ्रेम नंबर असंच ठेवा.

त्या एका ओळीत काय काय आहे बघा. पक्षी, संख्या, कुठल्या झाडावर, कुठे, कधी. ही पुराव्यासकट असलेली पक्षीनोंद आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या तारखेच्या नोंदी टाकता येतात, सोबत फोटोही जोडता येतो. ८० च्या दशकातल्या पुण्याच्या नोंदी फार थोड्या लोकांनी लिहून ठेवल्या, आणि ज्यांनी लिहिल्या त्यांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. तळजाई तेव्हा कशी होती, कुठे झुडपं होती, कुठे नुसतं माळरान, हे तुमच्या वडिलांच्या स्लाइडच्या पार्श्वभूमीत दिसेल.

म्हणून माझं उत्तर रोलवाले काकांपेक्षा आणि लेन्सकॅपपेक्षा वेगळं आहे. निवडू नका. अकराशेच्या अकराशे घ्या. चांगल्या दोनशे ४०००वर, बाकीच्या कमी रिझोल्यूशनला चालतील, ओळखण्यापुरत्या. हललेल्या चिरकाचीही तारीख स्थिरच असते.

लेन्सकॅप

पटलं. दोनशेचं म्हणणं मागे घेतो.

जुना_रोलवाला

नोंदवहीताईंना अनुमोदन. एक तांत्रिक भर घालतो. पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये फिल्म मध्यभागी फुगते. स्कॅनर आपोआप फ्रेमच्या मध्यावर फोकस करतो आणि तुमचा पक्षी कडेला बसलेला असतो. फोकसचा बिंदू हाताने उचलून पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा. प्रत्येक स्लाइडला. ह्या एका गोष्टीने माझे निम्मे स्कॅन सुधारले.

आणि जुना फिल्म स्कॅनर मिळालाच, तर आतला आरसा साफ आहे का बघून घ्या. माझ्या स्कॅनरच्या आरशावर वर्षानुवर्षांची धूळ बसली होती. प्रत्येक पांढऱ्या पिसाभोवती धुक्याचं वलय यायचं आणि मी लेन्सला दोष देत होतो.

अभिषेक_औंध

थोडं अवांतर. मी २६ वर्षांचा आहे, हे सगळं वाचून स्लाइड फिल्मवर पक्षी काढायची इच्छा झालीय. आज करावं का?

टेकडीवरचा

कर. एक्टाक्रोम २०१२ साली बंद केली होती, ती २०१८ मध्ये परत आली. स्लाइड फिल्मची ई-६ धुलाईही अजून होते, पण लॅब थोड्या आणि दर भरपूर. पहिला रोल बुलबुलावर काढ, तो बसून राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा, पळस, काटेसावर फुलतात, तेव्हा झाडाखाली जाऊन बस. पक्ष्यामागे पळू नको, त्याला तुझ्याकडे येऊ दे. बांडगूळ लागलेलं आंब्याचं झाड दिसलं तर तिथे फुलटोच्या हमखास.

सुभग_सहकारनगर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

लेन्सकॅपच्या पद्धतीने केलं. मित्राचा एपीएस-सी कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स, खाली एलईडी पॅनेल. सगळ्या ३१ डब्यांचे माउंट आधी मोबाइलवर घेतले. आतापर्यंत चार डबे झाले. प्रत्येक स्लाइडचे दोन फोटो घेतो, एक पूर्ण फ्रेमचा आणि एक पक्ष्याजवळचा. चष्मेवाल्याचं पांढरं कडं आलं! डोळ्यापुढे ते जरासं तुटलेलं असतं, तेसुद्धा दिसतं.

पण सांगायचंय ते दुसरंच. रोल ९, फ्रेम २२. माउंटवर बाबांनी लिहिलंय "शिंजीर नर, पांगारा, ३/३/८९" आणि त्यावर लाल फुली. त्यांनी ती वाया गेलेली मानली होती. लाइट टेबलवर नुसती काळी आकृती दिसते. शिंजिराच्या पिसांचा जांभळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो, प्रकाश कुठल्या कोनातून पडतो त्यावर तो उमटतो. ऊन मागून असेल तर पक्षी काळाच. टेकडीवरच्या काकांनी अंधाऱ्या स्लाइड्स टाकू नका म्हटलं होतं म्हणून ही घेतली. पॅनेल पूर्ण उजळ केला, तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरला फोटो काढले आणि एकत्र केले. गळ्यावर जांभळी झाक आली. पंख थोडा उचललेला होता, त्याच्याखाली पिवळ्या-केशरी पिसांचा झुबका. नराला तो असतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण एरवी पंखाखाली झाकलेला असतो. ३/३/८९ ला त्याने तो बाबांना दाखवला होता, आणि फिल्मने ठेवून घेतला होता.

बाबांना टीव्हीवर दाखवलं. ते उठून टीव्हीजवळ गेले, अगदी नाक लावण्याइतके, आणि म्हणाले, "त्या दिवशी वारा होता. हा पंख वाऱ्याने उचललाय."

मंजिरी_पाषाण

डोळे भरून आले हो.

नोंदवही

ई-बर्डच्या नोंदीत शेरा म्हणून "वारा होता" हेही लिहा. आणि बाबा प्रत्येक स्लाइडबद्दल जे बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, फाइलला तोच रोल आणि फ्रेम नंबर द्या.

कवडीपाटकर

काकांना माझा नमस्कार सांगा. आणि घरट्यांचा डबा घरातच ठेवताय ना?

सुभग_सहकारनगर

हो, घरातच. बाबांना विचारलं तर तेच म्हणाले, टाकू नकोस.

ताई, रेकॉर्डिंग कालपासून सुरू केलं. उद्या पाचवा डबा, तळजाई, १९९१. त्यात एका स्लाइडवर नुसतं "?" लिहिलंय. लहान, ऑलिव्ह रंगाचा वटवट्यासारखा, भुवई फिकट. स्कॅन झाला की इथे टाकतो, ओळखायला मदत करा.

टेकडीवरचा

पायांचा रंग दिसेल असा जवळून घ्या. पर्ण वटवट्यांमध्ये तिथूनच सुरुवात करावी लागते.